लाल ठिपक्यावरची हरकत

भूगर्भशास्त्र नातीगोती मानत नाही. खडक, माती आणि पाण्याची पातळी यांच्यापुढे थोर-लहान सगळे सारखे. भूजल कार्यालयातल्या सर्वेक्षकाने हे तत्त्व तीन वर्षं कसोशीने पाळलं, आणि मग नकाशावर सासऱ्यांची विहीर आली.

नकाशा तसा सोपा होता. जमिनीवरची घाण जिथे चटकन खालच्या पाण्यात उतरू शकेल तिथे लाल रंग, वेळ लागेल तिथे पिवळा, काळजी नाही तिथे हिरवा. सासऱ्यांचं घर भेगाळ खडकावर, पाणी वीस फुटांवर आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून दहा पावलांवर. सर्वेक्षकाने मन घट्ट केलं आणि लाल रंग भरला.

रिवाजाप्रमाणे नकाशा पंधरा दिवस हरकतींसाठी लावला. हरकत एकच आली. तीन पानी. अक्षर ओळखीचं होतं.

"तो लाल ठिपका आठ दिवसांत सिद्ध करा," साहेब म्हणाले. "नाहीतर अख्खा नकाशा फेरसर्वेक्षणाला. म्हणजे आणखी तीन वर्षं. बाकी सासरेबुवा लिहितात मात्र झकास!"

त्याच संध्याकाळी तो बायकोसह सासरी मुक्कामाला गेला.

"बाबा, लाल म्हणजे पाणी घाण आहे असं नव्हे. घाण पोचू शकते, एवढंच."

"म्हणजे विहीर आज चांगली, पण तिचा भरवसा नाही!" सासरे कडाडले. "ऐकलंस का गं? चाळीस वर्षांत तिच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं!"

सासूबाईंनी नळ आणखी मोठा सोडला. त्या भांडी विसळत होत्या.

विहिरीवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली सासऱ्यांच्या खिशात. रोज सकाळी सहाला ते स्वतः मोटारीचं बटण दाबत, घड्याळ हातात धरून वीस मिनिटं उभे राहत आणि बंद करत. कान गेली काही वर्षं दगा देत होते, पण शिस्त शाबूत होती.

खात्याकडे अशा तपासणीसाठी निरुपद्रवी हिरवा रंग असतो. सर्वेक्षकाने तो दुसऱ्या दिवशी पहाटे संडासात ओतला आणि तीन बादल्या पाणी सोडलं. आता रंग शोषखड्ड्यातून विहिरीत उतरला, की नकाशा वाचला. नाश्त्याला त्याने स्वयंपाकघरातल्या नळाखाली पेला धरला आणि उजेडात नेला. पाणी नितळ.

"अमृत आहे, जावईबापू!" सासऱ्यांनी तोच पेला घटाघटा रिकामा केला.

चौथ्या दिवशी त्याने रंग दुप्पट केला. पाणी नितळ. सहाव्या दिवशी चौपट. नखं हिरवी झाली, फरशी हिरवी झाली, पाणी नितळच.

"अहो, मागा ना माफी," बायको म्हणाली. "एक ठिपका पिवळा केला तर काय बिघडतं?"

"खडक बदलून दे, लगेच करतो."

आठव्या दिवशी त्याने शेवटचा हट्ट धरला. "बाबा, झाकण उघडा."

जिंकलेल्या माणसाच्या उदार मनाने सासऱ्यांनी कुलूप काढलं. "बघा! डोळे भरून बघा!"

सगळ्यांनी बघितलं. आत पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार पाणी चमकत होतं.

सासऱ्यांनी वाकून पुन्हा बघितलं. मग त्यांना कंठ फुटला. "पण आज सकाळीच प्यालो की मी! गोड होतं!"

"नगरपालिकेचं होतं," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "विहिरीला वास यायला लागला तेव्हाच मी नळ जोडून घेतला आणि मोटारीची तार काढून टाकली. तीन वर्षं झाली."

"आई, मी आठ दिवस पेले बघतोय!" सर्वेक्षक कळवळला. "सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी? तुम्ही तज्ज्ञ, हे मालक. म्हटलं, चाललंय ते चालू द्या."

सासरे विहिरीच्या काठावर बसले. हरकत मागे घ्यायची तर पुन्हा तीन पानं लागणार होती. पण त्यांना छळत होतं ते वेगळंच.

"मग रोज सकाळी मी बटण दाबतो, त्याने काय होतं?"

"माळ्यावरचा दिवा लागतो."