रघुवीररावांची ईलिंगवरील स्वारी आणि टाचेचा तह

श्रीगणराय आणि श्रीशारदा यांस वंदन करोन, लंडनचे हॅरो कसब्यातील वडीलधारे, सुज्ञ, आणि दुसऱ्याचे घरातील वर्तमान ऐकिल्यावाचून ज्यांस चहा गोड लागत नाही ऐशा समस्त मंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे : राजेश्री रघुवीरराव कारखानीस यांणी वयाचे सेहेचाळिसावे वर्षी पर्सनल ट्रेनरकीची सनद कैसी संपादिली, त्या कामी कोणकोणते संग्राम जाले, शिकस्त कोठे खाल्ली आणि फत्ते कोणाचे बळे जाली, हे यथास्थित लेहून ठेवावे ऐसी आज्ञा जाली. त्यावरोन घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले नाही. पोटाचा घेर मात्र राजेश्रींचे अब्रूखातर दोन बोटे कमी लिहिला आहे.

रघुवीरराव मूळ पुणे शहरीचे. सतरा वर्षे विलायतेत राहोन लंडनातील एका मातबर पेढीचे संगणकखात्यात मनसबदार होते. नित्य प्रातःकाळी मेट्रोपॉलिटन लाइनीवर आरूढ होऊन मुलूखगिरीस जावे आणि दिवसभर खुर्चीवर ठाण मांडून सायंकाळी बिस्किटांचा समाचार घेत परतावे, ऐसा शिरस्ता होता. ऐसे असता शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी पेढीचे कारभाऱ्यांनी पडद्यावर दरबार भरविला आणि अकरा मिनिटांत फर्मान सुनाविले की, आपला हुद्दा आजपासोन बरखास्त, आपले योगदान पेढी विसरणार नाही. मग पडदा काळा जाला. दुसरे दिवशी कुरियरवाला येऊन लॅपटॉप घेऊन गेला आणि सतरा वर्षांची मनसब एका खोक्यात मावली.

त्याउपरी राव पंधरा दिवस सोफ्यावर छावणी करोन राहिले. सोळावे दिवशी मोबाइलात इश्तेहार दिसला की, बारा आठवड्यांत ट्रेनर व्हा आणि आपले धनी आपण व्हा. सोबत एका जवानाची तसबीर होती, त्याचे पोटाचे ठायी सहा चौक पाडिलेले होते. ते पाहता रावांचे अंगी वीरश्री संचारली आणि त्यांणी तेथल्या तेथे नाव दाखल केले.

मग हे वर्तमान कुटुंबास कळविले. कुटुंब म्हणजे सौभाग्यवती मनीषाबाई. या कसब्यातील एका औषधांचे दुकानी फार्मसिस्ट असोन दिवसाचे नऊ तास काउंटरामागे उभ्या राहात, आणि माघमासापासोन घरचा अवघा भार त्यांचेवरीच होता. त्यांणी पुसिले, "रघू, नक्की करायचंय का तुला हे?"

"अगं, लोकांना गाइडन्सची गरज आहे."

"लोकांना म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांना," राव बोलिले, आणि नवा टी-शर्ट परिधान करोन आरशासमोर उभे राहिले. कन्या तनिषा, जन्म हॅरोचाच, सबब मराठीची लिंगे तिचे हुकमात नव्हती, ती जिन्यावरोन उतरता म्हणाली, "बाबा, तुझी टी-शर्ट खूप घट्ट झाला." रावांणी हा अभिप्राय दप्तरी दाखल करोन घेतला नाही.

उलट त्याच दिवशी हॅरोतील मराठी मंडळाचे व्हॉट्सॲपावर विजयाची वार्ता धाडिली की, कारखानीस आता पर्सनल ट्रेनर. लढाई अद्याप सुरू जाली नव्हती. एकशे बेचाळीस अंगठे वर जाले, त्यात अभिनंदन किती आणि करमणूक किती, हे ज्याचे तो जाणे. मग रावांणी सनदेविण अंमल बसविला. मंडळाचे चैत्री पाडव्याचे पंक्तीत वयोवृद्ध दादासाहेबांस श्रीखंडातील साखरेचे आकडे ऐकविले. सिंधुबाईंचे ताटातील तिसरी पुरी "ही तुमची शत्रू" ऐसे म्हणोन स्वहस्ते उचलिली आणि बोलण्याचे भरात आपणच भक्षिली. तेव्हापासोन मंडळी रावांस पाहता रस्ता बदलू लागली. राव समजले की आपली जरब बसली.

इकडे विद्येची मोहीम सुरू जाली. प्रथम शरीरशास्त्राचा गड. त्याचे बुरुजांवर ग्लूटिअस मॅक्सिमस, लॅटिसिमस डॉर्साय ऐसे परमुलखी सरदार ठाण मांडून बैसलेले आणि माचीवर स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड नामे अतिदुर्घट चौकी. परंतु राव पुण्याचे. पाठांतर हे त्यांचे पिढीजात शस्त्र. सहा आठवडे नावे घोकिली आणि लेखी परीक्षेत शंभरांत सत्त्याण्णव गुण घेऊन गड सर केला. वर्गातील वीस-बावीस वर्षांची पोरे, ज्यांस दीडशे किलोचा दांडा उचलणे म्हणजे चहाचा कप, ती थक्क जाली. रावांस वाटले, आता प्रात्यक्षिक ते काय, औपचारिकता.

प्रात्यक्षिकाचे रणांगण ईलिंग परगण्यातील एका व्यायामशाळेत. नियम ऐसा की, उमेदवाराने एक क्लायंट आणावा, त्याची हकीकत पुसावी, मग त्याजोगा व्यायाम करवावा. पारख करणार नीनाबाई. त्या हॅरोतच वाढलेल्या, घराणे बडोद्याचे, मराठी निम्मे-शिम्मे समजे. बांधा शिडशिडीत, बोलणे थोडे, हाती क्लिपबोर्ड.

ज्येष्ठमासी रावांणी पुष्कर नामे जुना स्नेही क्लायंट करोन नेला आणि रणकंदन आरंभिले. पस्तीस मिनिटे राव एकटेच बोलिले. स्नायूंची वंशावळ कथिली, प्रथिनांचा इतिहास कथिला. पुष्कर मध्यंतरी "अरे, माझा गुडघा जरा" इतके बोलिला, तो रावांणी "त्यावर नंतर येऊ" म्हणोन त्यास उड्या मारावयास लाविले. चौथे उडीस पुष्कर खाली बैसला तो भिंतीस धरोन उठला. नीनाबाईंनी निकालपत्री एकच ओळ लिहिली : उमेदवार जाणतो पुष्कळ, ऐकत नाही. नापास.

ऐसी शिकस्त जाली. फेरपरीक्षा एकदाच, भाद्रपदात. ती हुकली तर अभ्यासक्रम बंद, पुनः प्रारंभापासोन. आणि मंडळात तो विजय केव्हाच जाहीर जालेला. तीन महिने राव सर्वांस "सर्टिफिकेट पोस्टात अडकलंय" ऐसे सांगत राहिले, आणि सांगता सांगता दृष्टी चुकवू लागले. नोकरी गेली ते दिवशी जे डोळ्यांत आले नव्हते ते आता, दुधाची बाटली आणावयास जाता, ओळखीचे कोणी दिसले की येई.

परीक्षेचे आदले दिवशी पुष्करास फोन केला. तो म्हणाला, "रघ्या, मागच्या वेळेनंतर तीन दिवस मला कमोडवर बसता येत नव्हतं. माफ कर." मग मंडळातील निवेदिता, जयंत, नकुल यांकडे खलिते धाडिले. कोणास पाहुणे, कोणास ताप, कोणी उत्तरच दिले नाही. दादासाहेबांस पुसण्याची छाती जाली नाही. अवघ्या हॅरोत रावांचे शब्दावर हात वर करील ऐसा एक माणूस उरला नाही.

तेव्हा मनीषाबाई ओट्यापाशी टिफिन भरता भरता म्हणाल्या, "मी येते. उद्या सुट्टी टाकते."

"तू?" राव बोलिले. "पण क्लायंट अनोळखी असला तर बरं असतं. तुझं तर मला सगळं माहीतच आहे."

बाईंनी टिफिनास झाकण लाविले.

दुसरे दिवशी दोन बस बदलोन उभयतां ईलिंगास दाखल जाली. नीनाबाईंनी ताकीद दिली की, नातलग चालेल, परंतु वागणूक परक्याची हवी आणि क्लायंटाचे प्रकृतीची प्रश्नावली पुरती भरावी. राव टेबलाशी बैसले आणि कागद ओढोन, कुटुंबास न पुसता, भराभर लिहू लागले. सांधेदुखी : नाही. झोप : उत्तम. औषधे : नाहीत.

"लिहू नकोस," मनीषाबाई बोलिल्या. "विचार."

राव हसले. नीनाबाई हसल्या नाहीत. मग रावांणी लिहिले ते खोडिले आणि पुसिले, "हाडांचा, सांध्यांचा काही त्रास?"

"डावी टाच. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकवत नाहीत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

रावांणी ते लिहोन घेतले. पुढील कलम पुसिले, "झोप किती?"

"पाच तास. तू सोफ्यावरून उठून वर येतोस तेव्हा जागीच असते मी."

"काही औषध चालू?" हे पुसता रावांचा आवाज उतरला होता.

"ब्लड प्रेशरची गोळी. मार्चपासून."

"मार्चपासून? मनी, मला सांगितलं का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली होती. आणि मग तू सगळ्यांना गाइडन्स देत होतास."

ज्याणे दोनशे सहा हाडांची नावे उलटसुलट म्हणावी, त्यास घरातील एका टाचेची खबर नव्हती. रावांणी आदले रात्री आखिलेला व्यूह खिशातोन काढिला. त्यात उड्या होत्या, बर्प्या होत्या, जिना धावत चढणे होते. तो कागद चौपट दुमडोन बाजूस ठेविला.

आता पेच ऐसा पडिला की, क्लायंटास रक्तदाबाचे औषध असेल तर वैद्याचे अनुमतीविण व्यायाम देऊ नये, हा नियम राव स्वतः पाठ म्हणत. व्यायाम द्यावा तर अपराध. न द्यावा तर परीक्षा बुडाली आणि मंडळात तोंड दाखविण्यास जागा नाही. राव कुटुंबाकडे वळोन म्हणाले, "मनी, आज मी तुला काही करायला लावणार नाही. आधी डॉक्टर. चल, घरी जाऊ." आणि लेखणी ठेवोन, पराभव पत्करोन उठले.

मनीषाबाई उठल्या नाहीत. त्यांणी पिशवीतोन मोबाइल काढिला, डॉक्टरांचे पत्र उघडिले आणि टेबलावर सरकविले. त्यात लिहिले होते की, रक्तदाब आता आटोक्यात, रुग्णाने हलका व्यायाम अवश्य सुरू करावा, टाचेस जपावे. तारीख एप्रिलातील.

"हे तुझ्याकडे होतं?"

"कोणी विचारलंच नव्हतं," बाई बोलिल्या. "आता बस खाली आणि टाचेचं बघ."

मग राव पत्र दोनदा वाचोन बैसले आणि पुढील चाळीस मिनिटांत जितके बोलिले, त्याहून अधिक ऐकिले. खुर्चीवरोन सावकाश उठणे-बसणे करविले, भिंतीस हात लावोन पोटरी ताणविली, टॉवेल पायाचे बोटांनी ओढविला. प्रत्येक वेळी पुसिले, दुखतं का, थांबायचं का, आणि उत्तराची वाट पाहिली. एकदा बाई म्हणाल्या, "हे बरं वाटतंय," तेव्हा राव खाली मान घालोन टॉवेलाची घडी नीट करू लागले. ती घडी नीटच होती.

नीनाबाईंनी क्लिपबोर्ड खाली ठेविला आणि हुकूम सुनाविला की, उमेदवार पास. सबब पुसिली असता म्हणाल्या, मोडक्या मराठीत, "तू उठला ना, तिकडेच पास झाला."

येणेप्रमाणे शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपदमासी ईलिंगचे मैदानी रघुवीरराव कारखानीस यांस सनद मिळाली आणि हॅरोस परतल्यावर पहिला क्लायंट रुजू जाला, तो मनीषाबाई. उभयपक्षी तह ठरला, त्याची कलमे बखरकाराचे समक्ष घातली गेली, ती ऐसी. बुधवारी आणि रविवारी प्रातःकाळी अर्धा तास व्यायाम. ट्रेनराने प्रश्न पुसावा आणि उत्तर पुरे होईतो मध्ये बोलू नये. तिसरे कलम बाईंनी स्वहस्ते लिहिले, ते वाचोन राव म्हणाले, "हे व्यायामात येत नाही." बाई म्हणाल्या, "टाचेला विश्रांती हवी, असं तूच लिहून दिलंयस." त्या कलमान्वये जेवणाची भांडी यापुढे सर्टिफाइड पर्सनल ट्रेनराने घासावयाची, आणि क्लायंटाने ते समयी दोन्ही पाय स्टुलावर घेऊन सोफ्यावर बैसावयाचे. सही, शिक्का, तारीख जाली. अंमल त्याच सायंकाळपासोन सुरू आहे. कढई अजून नीट निघत नाही.