कणकेचा जॉइंट

मंगळवारी सकाळी दिनानाथ चौबळ वाशीतल्या आपल्या बिल्डिंगखाली, गाडीच्या पोटाशी पाठीवर पडून होते. नवा सायलेन्सर त्यांनी कुर्ल्याहून आणून आदल्या संध्याकाळी स्वतः बसवला होता. कारण निमकर साहेब ऑफिसात म्हणाले होते, "चौबळ, तुमची गाडी आली की मला फोन ठेवावा लागतो." त्याच आठवड्यात चंद्रपूरच्या बदल्यांची यादी साहेबांच्या टेबलावर आली होती. आणि ऑफिसची जीप बिघडल्याने आज नऊ वाजता साहेब याच गाडीतून मोरा बंदरावर पाहणीला जाणार होते. या सगळ्या गोष्टी चौबळांनी एकमेकींना बरोबर जोडल्या. पाइप आणि सायलेन्सर मात्र त्यांना जोडता आले नव्हते. गाडी सुरू केली की जॉइंटमधून फाडफाड धूर सुटे आणि तिसऱ्या मजल्यावरची तान्ही मुलं रडायला लागत.

"मधे पेस्ट भरली नाय तुमी," शिवराम मेकॅनिक खाली वाकून म्हणाला.

"मग भर ना बाबा!"

"भरतो. पन उद्यापर्यंत सुकायला पायजे. ओली असताना चालवली तर नाक्यावरच उडून जाईल."

"अरे, साहेब नऊला येणार!"

"मग साहेबांना सांगा, उद्या या."

चौबळांच्या डोळ्यांपुढे चंद्रपूरचा उन्हाळा उभा राहिला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी नंदिनीबाई कणकेची परात घेऊनच खाली आल्या.

"आमच्या माहेरी मटणाच्या हंडीचं झाकण कणकेनं लिंपतात. वाफ इकडची तिकडे होत नाही. हा पाइप काय हंडीपेक्षा शहाणा लागून गेला?"

शिवरामने आधी बाईंकडे, मग परातीकडे पाहिलं. "वहिनी, जरा आनखी घट्ट मळा."

त्याने जॉइंटवर बोटभर कणीक थापली, वर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला आणि क्लॅम्प आवळला. गाडी सुरू केली. आवाज नाही. गाडी सुरूच आहे ना, याची चौबळांनी दोनदा खात्री करून घेतली.

"वा! मांजरासारखी चालते हो," साहेब बसता बसता म्हणाले. बेलापूरपर्यंत चौबळ सुखात होते. बेलापूर मागे पडलं आणि गाडीत गरम पोळीचा वास आला.

साहेबांनी नाक वर केलं. "चौबळ, डबा आणलाय?"

"नाही साहेब."

"मग पोळ्या कोण भाजतंय?"

"खाडीचा वास असेल, साहेब."

"पंचवीस वर्षं खाडीकाठी नोकरी केली. खाडी पोळ्या भाजत नाही." मग साहेबांचा आवाज केविलवाणा झाला. "आज अंगारकी. मिसेसनी माझ्या बढतीसाठी नवस बोललाय. चंद्र उगवेपर्यंत काही नाही."

चौबळांनी काचा खाली केल्या. वास वाढला. गाडी हळू केली, तर जासईत तीन कुत्री मागे लागली. जोरात हाणली, तर पाइप तापून पोळी खरपूस झाली. साहेब डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होते आणि प्रत्येक श्वासाला चुकत होते.

मोऱ्याच्या धक्क्याजवळ सुंदराबाईची खानावळ होती. गाडी पुरती थांबायच्या आत साहेब उतरले.

"एक भाकरी द्या. नुसती."

"निस्ती भाकर घशाखाली जाईल का?" सुंदराबाईने ताट पुढे सरकवलं. "वल्या बोंबलांचं कालवन हाय."

साहेबांनी चौबळांकडे पाहिलं. चौबळांनी समुद्राकडे पाहिलं. पाहणी साडेतीन भाकऱ्यांनी लांबली.

परतताना साहेब बडीशेप चघळत होते. शेवटी चौबळांनी धीर केला. "साहेब, ती चंद्रपूरची यादी..."

"त्यात तुमचं नाव नव्हतं."

उतरून पाइपला नमस्कार करावा, असं चौबळांना वाटलं.

"पण काय हो, तुमच्या मिसेस आणि आमच्या मिसेस एकाच भजनी मंडळात ना?"

"हो साहेब. दर शनिवारी."

"हं." साहेबांनी उजव्या हाताची बोटं हुंगली आणि हात खिडकीबाहेर वाऱ्याला धरला. "चंद्रपूरला क्वार्टर्स ऐसपैस आहेत, चौबळ."

संध्याकाळी नंदिनीबाई जिन्यातच उभ्या होत्या. "टिकला का हो जॉइंट?"

"जॉइंट टिकला," चौबळ म्हणाले. "आपण निखळलो."