टिटुसच्या मापाची कयाक

सर्व सुज्ञ व रसिक वाचकांस नम्रतापूर्वक विदित करण्यात येते की, ग्रीनलंड देशीच्या सिओराक या गावचे रहिवासी श्रीयुत टिटुस येरेमियासेन यांनी परदेशी जहाजाचे मन कसे जिंकले, याची साद्यंत हकीकत पुढील मजकुरात कथन केली आहे. तीत पदरचे काहीही घातलेले नाही. प्रसंगी हसू आल्यास वाचकांनी खुशाल हसावे. टिटुसची हरकत नाही, त्याला विचारलेले आहे!

समुद्रावरील बर्फ फुटू लागले होते, त्या सुमारास गावच्या सभागृहात एक महत्त्वाची सभा भरली. विषय होता जहाज. डोंगरांत खोल शिरलेल्या आमच्या खाड्यांतून पाहुण्यांना हिंडवून आणणारे ते छोटे तांबडे जहाज आजवर आमच्या गावास वळसा घालून जात असे. त्याच्या प्रमुख सोल्वाइगबाई यांनी दूरध्वनीवरून रोखठोक कळविले होते, “यंदा एकदा येऊन बघतो. पाहुण्यांना काही वेगळं बघायला मिळालं, तर दर उन्हाळ्यात येऊ. नाही मिळालं, तर मग पुढच्या मोठ्या गावी जाऊ. तिथे संग्रहालय आहे.”

आमच्या गावी संग्रहालय नाही. मूठभर माणसे आणि त्यांच्या चौपट कुत्री, एवढेच काय ते आहे. परंतु गावच्या स्त्रियांनी हिवाळाभर सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवून पेट्याच्या पेट्या भरल्या होत्या आणि गावात ज्याला त्याला हातमोजे आधीच होते! जहाज आले तरच त्या पेट्या उघडणार होत्या. टिटुसची पत्नी बिबियाने हिच्या घरात तर हातमोज्यांमुळे पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती.

अशा चिंतामग्न सभेत टिटुस उभा राहिला.

“संग्रहालय कशाला पाहिजे? मी आहे ना!”

“आहेस खरा,” जुडिट्टा आजी म्हणाली. “आणि जुनापण आहेस.”

“थट्टा नको, आजी! मी कयाक वल्हवून दाखवतो. नुसती वल्हवून नाही! भर पाण्यात उलटी करतो, खालून गर्रकन फिरतो आणि दुसऱ्या बाजूनं वर!”

सभेत टाळ्या पडल्या. फक्त बिबियानेने हात मांडीवरच ठेवले.

“अरे, कयाकीत तू शेवटचा बसलास कधी?”

“कयाक चालवायला माणूस जन्मात विसरत नाही!”

“विसरण्याचं कोण बोलतंय? मी मावण्याचं बोलतेय.”

“मावण्याचं?” टिटुस गरजला. “ती कयाक माझ्या बापानं माझ्या मापाची बांधली आहे! माझ्या! मी नाही मावणार तर कोण मावणार?”

बोलणे अगदी बिनतोड होते. कयाक म्हणजे कातड्याने मढविलेली, मधल्या भोकात कमरेपर्यंत शिरून बसावयाची एकट्याची निमुळती होडी; ती आमच्याकडे बाजारातून आणीत नाहीत. ज्याची कयाक त्याच्या कमरेची रुंदी, पायांची लांबी, हातांचा पल्ला, सर्व काही मापून ती बांधतात आणि एकाची कवळी जशी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, तशी एकाची कयाक दुसऱ्यास होत नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट सभेच्या ध्यानी आली नाही. ते माप घेतले तेव्हा टिटुस वाळविलेल्या माशासारखा सडसडीत तरुण होता. त्यानंतर त्याच्या आयुष्यात मोटारबोट आली, विवाह आला आणि काफेमिक आले. कोणाचा वाढदिवस असो, कोणाच्या मुलाने पहिला सील मारलेला असो, घरावर झेंडा चढला की साऱ्या गावाने जोडे काढून आत शिरावे, कॉफी घ्यावी आणि मांडलेल्या प्रत्येक केकचा निदान एक तुकडा खावा, हा आमचा रिवाज. न खाल्ल्यास घरधनीण रुसते. टिटुसने आजवर एकाही घरधनिणीस रुसू दिलेले नव्हते!

जहाज आले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. टिटुसच्या घरावर झेंडा चढला होता, कारण कयाकीचा खेळ संपताच पाहुण्यांची कॉफी तिथेच व्हायची होती. किनाऱ्यावर गायकमंडळी मण्यांच्या रंगीबेरंगी पोशाखात उभी होती. भरती काठोकाठ होती आणि पाण्याच्या कडेला टेकविलेल्या आपल्या कयाकीत शिरण्याचा प्रयत्न टिटुस करीत होता.

पाय गेले. मांड्या गेल्या. पुढे काही जाईना!

“दाजी, श्वास सोडा,” त्याचा मेहुणा कर्नाली म्हणाला.

“सोडला!”

“आणखी सोडा.”

“आणखी सोडला तर जीव जाईल, मेहुण्या!”

शेवटी बिबियाने घरी जाऊन सीलच्या चरबीचा डबा घेऊन आली आणि एखाद्या बिजागरीस तेल द्यावे तद्वत तिने पतीच्या कमरेस चहूबाजूंनी चरबी चोपडली. कर्नालीने दोन्ही खांद्यांवर भार टाकला. झुप्प! बाटलीत बूच बसावे तसा टिटुस बसला. हिमनगासारखाच त्याचा थोडका भाग वर आणि बाकीचा सगळा दृष्टीआड!

“बघितलंस?” तो विजयी मुद्रेने म्हणाला. “मापाची आहे!”

“ढकलू का पाण्यात?” कर्नालीने विचारले.

“आत्ता नको. पाहुण्यांची पहिली होडी जवळ आली की ढकल. त्यांच्यादेखत पाण्यात झेप घेतली पाहिजे.”

येथे दैवाने पहिला डाव टाकला. पाहुण्यांच्या रबरी होड्या जहाजापासून सुटल्या न सुटल्या तोच खाडीच्या पलीकडे देवमाशाने पाठ वर काढली. झाले! सर्व होड्या गर्रकन तिकडे वळल्या. देवमासा बुडे, पुन्हा निघे, पुन्हा बुडे; त्याला कसलीही घाई नव्हती. टिटुसने शक्ती राखून ठेवण्याच्या सद्हेतूने डोळे मिटले. ऊन छान होते, न्याहारी दणदणीत झाली होती. त्याने डोळे उघडले तेव्हा ओहोटीने समुद्र नेऊन पार लांब ठेवला होता आणि कयाकीसह तो कोरड्या गोट्यांवर बसलेला होता!

“अरे, पाणी कुठे गेलं?”

“घोरणं ऐकून पळालं असेल,” जुडिट्टा आजी गायकांतून म्हणाली.

“मला बाहेर काढा! कयाक पाण्याजवळ नेऊन पुन्हा बसतो.”

कर्नालीने काखेत हात घालून ओढले. टिटुस वर आला, पण कयाकही त्याच्याबरोबर वर आली! दोघांनी ओढले, तिघांनी ओढले. कयाक हवेत लटकू लागली, परंतु टिटुसला सोडीना.

“असाच उचला आणि पाण्यात सोडा!” टिटुसने हुकूम केला. “आत बसलोच आहे तर बाहेर यायचंय कशाला? खेळ झालाच पाहिजे!”

“खबरदार!” बिबियाने कडाडली. “उलटलास आणि वर आला नाहीस, तर बाहेर कसा पडणार? बूच बसल्यासारखा खालीच राहशील! मी काय विधवा होऊन हातमोजे विकू?”

“अगं, पण मग जहाज जाईल त्या संग्रहालयाकडे!”

“जाऊ दे. तू पाण्यात जायचं नाहीस!”

इतक्यात होड्या किनाऱ्यास लागल्या आणि पिवळी जाकिटे घातलेले पाहुणे भराभरा उतरू लागले. कर्नालीने घाईघाईने बेत सांगितला. दाजींना उचलून घरी न्यायचे. तिथे गरम पाणी आहे, साबण आहे. पाहुणे गाणी ऐकत असतील तोवर ओढून काढायचे आणि पळत परत आणायचे. कयाक उचलण्यास चौघे पुढे झाले. त्यांत प्रस्तुत लेखकही होता, कारण बोटीवरचा खानसामा म्हणून या देशी येऊन मला आता एक तप लोटले आहे आणि गावात ओझे उचलावयाचे असले की पहिली हाक मलाच येते.

आम्ही कयाक खांद्यावर घेतली. टिटुस उंच झाला. हाती वल्हे, अंगी कातड्याचा अंगरखा, कपाळावर घाम! त्याने मान ताठ ठेवली, कारण हलल्यास कयाक कलंडत होती. त्यामुळे मुद्रा फारच भव्य दिसत होती.

पाहुणे जागच्या जागी थबकले. मग एका दाढीवाल्या गृहस्थांनी हळूच विचारले, “हे काय आहे?”

सोल्वाइगबाईंनी कर्नालीकडे पाहिले. कर्नालीने आमच्याकडे पाहिले. आम्ही आकाशाकडे पाहिले.

“मिरवणूक!” कर्नालीच्या तोंडून निघून गेले. “आमच्याकडे… म्हणजे… शिकाऱ्याचा मान असतो ना! त्याला जमिनीवर पाय टेकू देत नाहीत.”

“अद्भुत!” दाढीवाले गृहस्थ पुटपुटले आणि गाणी ऐकावयाची सोडून सर्व पाहुणे आमच्या मागोमाग चालू लागले! पाहुणे चालू लागले तशी गायकमंडळीही निघाली. आता त्यांना काय ठाऊक बेत काय आहे? मिरवणूक म्हटली की गायचे, एवढे त्यांना कळते. त्यांनी खड्या आवाजात स्तोत्र धरले. साखळीवरच्या कुत्र्यांनी गळा काढून साथ दिली.

“मेहुण्या,” टिटुस वरून ओठ न हलवता म्हणाला, “हे सगळे मागे का येतायत?”

“मान देतायत, दाजी. हसा जरा.”

“हसलो तर पोट हलतं!”

घरापाशी दुसरा पेच उद्भवला. खोली लहान, कयाक लांब. टोक दारातून आत घातले, ते समोरच्या भिंतीला लागले. मागे पाहुण्यांची रेटारेटी. तेव्हा बिबियानेने तत्काळ खिडकी उघडली आणि कयाकीचे नाक खिडकीतून बाहेर गेले, शेपूट दारात राहिले आणि मध्यभागी, केकांच्या टेबलास अगदी लागून, टिटुस येऊन ठेपला. आम्ही कयाक खुर्च्यांवर टेकविली आणि साबण शोधण्यास वळतो तो पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे बूट काढले, दारातील शेपटाशेजारून अंग चोरून ते आत शिरले आणि टिटुसभोवती मोज्यांवर उभे राहिले!

“आता पुढे काय होतं?” सोल्वाइगबाईंनी आदराने विचारले.

कोणी काही बोलण्यापूर्वी बिबियाने पतीच्या कानाशी वाकली. “एक तुकडाही खायचा नाही, सांगून ठेवते! आत्ताच निघत नाहीस, खाल्लंस तर कयाक फोडावी लागेल!”

“नाही खात,” टिटुस म्हणाला. त्याच्या बापाने बांधलेली कयाक होती ती. तो मनापासून बोलला.

परंतु कुजबूज दाढीवाल्या गृहस्थांनी पाहिली होती आणि तिचा स्वतःपुरता अर्थ लावला होता. त्यांनी मनुकांच्या केकचा एक तुकडा दोन्ही हातांवर घेतला, मान लववली आणि टिटुसच्या ओठांशी नेला.

टिटुसने बायकोकडे पाहिले. मग केक करणाऱ्या जुडिट्टा आजीकडे पाहिले. आजीचा खालचा ओठ पुढे येऊ लागला होता.

त्याने तोंड उघडले.

मग रांगच लागली! प्रत्येक पाहुणा पुढे येई, वाकून तुकडा भरवी आणि बाजूला होई. मनुकांचा केक झाला, सफरचंदाचा झाला, मलईचा झाला. एका हौशी बाईंनी वर आमचा आवडता खाऊ, म्हणजे देवमाशाच्या कातडीची फोड, भरविली आणि डोळे पुसले. टिटुस घाम पुशीत होता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. आत कयाकीच्या लाकडी फासळ्या बारीक आवाजात कुरकुरू लागल्या.

“टिटुस, आणखी किती पाहुणे राहिलेत?” मी हळूच विचारले.

“मोजू नकोस,” टिटुस कण्हला. “मोजलं की जास्त वाटतात.”

दरम्यान ज्यांची भरविण्याची पाळी झाली ते रिकामे उभे होते आणि बिबियानेची पेटी खिडकीखालीच होती. एकीने हातमोजे घातले, दुसरीने मागितले. घटकाभरात पेटीचा तळ दिसला! शेजारणी धावत जाऊन आपापल्या पेट्या घेऊन आल्या. बिबियाने एका हाताने हातमोजे देत होती आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या पुढ्यातली बशी मागे ओढीत होती.

जहाजाचा भोंगा वाजला. पाहुणे जड अंतःकरणाने बूट घालून निघाले. सोल्वाइगबाई मात्र थांबल्या. त्या टिटुसपाशी आल्या, तशी घरातील सर्वांचा श्वास अडकला. टिटुसचा तर आधीपासूनच अडकलेला होता.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं या किनाऱ्यावर फिरतेय, पण असं काही बघितलं नव्हतं. आम्ही दर उन्हाळ्यात येणार!”

घरात जो जल्लोष उसळला, त्याने खिडकीबाहेरचे कयाकीचे नाकसुद्धा थरथरले! टिटुसचे डोळे पाणावले.

“बाई, पुढच्या वर्षी मी तुम्हाला पाण्यात उलटून दाखवतो! खालून गर्रकन…”

“छे छे!” सोल्वाइगबाई घाईने म्हणाल्या. “पाण्यात काय, सगळीच गावं दाखवतात. तुम्ही फक्त हेच करा. अगदी असंच.”

त्या गेल्या. मग आम्ही कामाला लागलो. दोघांनी नाक धरले, दोघांनी शेपूट धरले, कर्नालीने व बिबियानेने टिटुसला धरले आणि एकदाच “हं!” म्हणून जो हिसका दिला, त्यासरशी टिटुस बाहेर आला. विजार आतच राहिली. कयाक शाबूत होती.

तेव्हापासून जहाज न चुकता येते. त्याच्या छापील कार्यक्रमात आमच्या गावाच्या नावापुढे “शिकाऱ्याची प्राचीन मिरवणूक” असे स्पष्ट लिहिलेले असते आणि पलीकडच्या मोठ्या गावच्या लोकांना संग्रहालय असूनही झोप लागत नाही. टिटुस दर वेळी सभेत उठून सांगतो, “मला खरंच उलटता येतं!” सभा त्याचे आभार मानून पुढच्या विषयाकडे वळते.

परवाच्या फेरीत एक वयोवृद्ध पाहुण्या बाई त्याला केक भरवून झाल्यावर फार मायेने त्याच्यापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “बाळा, तू कधी पाण्यातही जातोस का रे?”

टिटुसला बरेच काही बोलायचे होते. परंतु तोंडात मलईचा केक होता आणि मागे रांग खोळंबली होती.

येथवर ज्यांनी हे वाचण्याचे कष्ट घेतले, त्या सर्व वाचक बंधुभगिनींचे अंतःकरणपूर्वक आभार. त्यांचा नम्र, दत्ताराम भिकाजी पेडणेकर, मुक्काम सिओराक. कयाकीच्या डाव्या अंगाला, मागचा खांदा माझा असतो.