गणपतीसमोरचा डावा बूट

“चंद्रशेखर गोसावी. निवृत्त जकात निरीक्षक, पुणे. नुसता ट्रकचा आवाज ऐकून आत साजूक तूप आहे की वनस्पती, हे सांगणारा अख्ख्या महाराष्ट्रातला एकमेव माणूस. माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही.”

माझे सासरे स्वतःची ओळख अशी करून देतात. लंडनमध्ये हॅरोला आमच्याकडे आल्यापासून त्यांनी ती पोस्टमनला, माझ्या डेंटिस्टला आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये पेपरमागे तोंड लपवून बसलेल्या एका गोऱ्या गृहस्थांना करून दिली आहे. तीन महिन्यांत त्यांनी इथल्या गुन्हेगारीचं पार कंबरडं मोडलं. समोरच्या रिकाम्या घरात रोज संध्याकाळी दिवा लागतो, तेव्हा आत नोटा छापत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. घरमालक स्पेनहून परतले आणि दिव्याला टायमर लावलाय म्हणाले. बाबांच्या मते गुन्हेगार नेहमी असंच काहीतरी म्हणतात.

या धामधुमीत सासूबाईंची एकच इच्छा मागे पडत होती. आईंना लंडन आयमध्ये बसायचं होतं. लहानपणी जत्रेत मुलींनी पाळण्यात बसायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. लग्नानंतर तो बाबांनी चालू ठेवला. आल्या आल्या पुलावरून ते प्रचंड चक्र बघून आई म्हणाल्या होत्या, “यात मी बसणार.” त्यानंतर दोनदा तिकिटं काढली आणि दोन्ही वेळा ती बाबांच्या तपासकार्यात वाया गेली. आता दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. अनुप, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, अशा दिवशी असतो तिथेच, कार्डिफला क्लायंटकडे होता. मी रजा टाकली, साडेतीनची तिकिटं काढली आणि त्याआधी म्युझियम ठेवलं. काचेत बंद केलेल्या वस्तूंबाबत काय गुन्हा घडणार, असा माझा भाबडा हिशोब होता.

म्युझियममध्ये बाबा थेट ममींकडे गेले. एकीला न्याहाळून “हा नैसर्गिक मृत्यू नाही,” म्हणाले. ते कशाला हात लावतील या भीतीने मी त्यांच्या मागे. आई तेवढ्यात भारताच्या दालनात शिरल्या होत्या.

आम्ही तिथे पोचलो, तर दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत दगडी गणपती आणि त्याच्याभोवती आई नुसत्या मोज्यांवर प्रदक्षिणा घालत होत्या. दोन्ही खांद्यांना पिशव्या, ओठांवर अथर्वशीर्ष. परतीचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून एकवीस आवर्तनं. आवर्तनं चालू असताना आई बोलत नाहीत. घराला आग लागली तरी फार तर बादलीकडे बोट दाखवतील. चारपाच जपानी पर्यटक, इथे असंच बघायचं असतं असं समजून, त्यांच्या मागोमाग फिरत होते.

दाराशी आईंचा पांढरा स्पोर्ट्स शू होता. डावा. उजवा नव्हता.

बाबांनी नाकातून श्वास घेतला. मला हा श्वास ओळखीचा आहे. यापूर्वी दोनदा मी तो ऐकला आणि दोन्ही वेळा तिकिटं फुकट गेली.

“निवेदिता, कुणालाही बाहेर सोडू नकोस.”

“बाबा, प्लीज. आपला स्लॉट साडेतीनचा आहे. आईंचं होऊ दे, त्यांनाच विचारू.”

“फिर्यादीला कधी विचारायचं नसतं. ती भावनेच्या भरात असते. चोराला एकच बूट का हवा? कारण त्याला एकच लागतो.”

आणि ते एका सहा फुटी पर्यटकासमोर जाऊन उभे राहिले. त्याच्या डाव्या पायाला प्लास्टर होतं. बाबांनी आधी स्वतःची ओळख करून दिली, तुपासकट. मग त्याच्या उजव्या पायाकडे वाकून पाहिलं. तिथे होडीएवढा तपकिरी बूट होता.

“बाबा, आईंचा नंबर चार आहे.”

“म्हणूनच तो लंगडतोय.”

मी त्या माणसाची माफी मागितली. तोवर दुसरा सिद्धांत तयार होता.

“बूट म्युझियमनेच उचललाय. यांना सवय आहे. उद्या पेटीत ठेवून खाली पाटी लावतील, ‘पादत्राण, पुणे’.”

बाबांच्या आयुष्यातला इतिहासाचा थोडाफार आधार असलेला हा पहिलाच सिद्धांत, त्यामुळे मी मान डोलावली. पण त्यांनी तो गार्डला ऐकवला. गार्ड आधीच बेवारस बुटाकडे संशयाने पाहत होता. आदल्या वर्षीच्या बॉम्बस्फोटांपासून लंडनमध्ये साधी पिशवी पडलेली दिसली तरी रस्ते बंद व्हायचे. त्याच्या वॉकीटॉकीवर खरखर झाली. पलीकडच्या दारावरचा गार्ड बोलत होता.

“सर, देअर्स अनदर शू. व्हाइट. बाय द फार डोअर.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाबा मंद हसले.

“तो नकली आहे. इतक्या सहज सापडणारा मुद्देमाल तपासाची दिशा भरकटवायला ठेवलेला असतो. आता इथे पोलीस आल्याशिवाय मी हलणार नाही.”

मी घड्याळ पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. खरंच. ती बाई उद्या परत जाणार होती आणि तिने तीन महिन्यांत एवढंच मागितलं होतं.

तेवढ्यात फलश्रुती संपली. आईंनी गणपतीला हात जोडले, मागच्या जपान्यांनीही जोडले. मग त्या दाराशी आल्या, डावा बूट घातला, शांतपणे पलीकडच्या दारापर्यंत चालत गेल्या, तिथल्या गार्डच्या पायाशी वाकून उजवा घातला आणि लेस बांधली.

“चला. उशीर होतोय ना?”

“आई, तो तिकडे कसा गेला?”

“मीच ठेवला. देवासमोर जोडी एका जागी काढायची नाही. एक इकडे, एक तिकडे. एकटा बूट कोण नेणार?”

“पण तुम्ही हे कधीपासून करता?”

“लग्नानंतर पहिल्यांदा देवळात गेलो, तेव्हा माझी नवी कोल्हापुरी चप्पल गेली. राखायला हे बसले होते.”

“आणि बाबा काय करत होते?”

“एका माणसाला तूप कसं ओळखायचं ते सांगत होते.”

बाबा गणपतीच्या सोंडेचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

टॅक्सी करून आम्ही जेमतेम वेळेत नदीवर पोचलो. बाबांनी चक्राकडे मान वर करून पाहिलं, जरा पांढरे पडले आणि म्हणाले, “खालून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मी थांबतो. पिशव्या द्या इकडे.”

आईंनी क्षणभर विचार केला. मग एक पिशवी त्यांना दिली आणि दुसरी खांद्यावरच ठेवली.

वर जाताना आई एकदाही घाबरल्या नाहीत. काचेला दोन्ही तळवे लावून लहान मुलीसारख्या उभ्या होत्या. अगदी माथ्यावर पोचल्यावर त्यांनी विचारलं, “ते दिसतायत का गं?”

“दिसतायत. कुणाशी तरी बोलतायत.”

“मग गेली ती पिशवी,” आई म्हणाल्या आणि नदी बघायला पलीकडच्या काचेशी गेल्या.

“आई! काय होतं तिच्यात?”

“त्यांचाच स्वेटर.”