कैरीच्या डागाचा ठराव

स्लाइड पहिली : आमची इमारत

रहिवाशांच्या सभेत दीप्तीने प्रोजेक्टर सुरू केला आणि पुढच्या खुर्चीवरून जगनकाका ओरडले, "अरे, लीकेज!"

भिंतीवर कोपरीतल्या त्यांच्याच सोसायटीचा फोटो होता. गच्चीखाली भलामोठा पिवळा ओघळ.

दीप्तीला गच्चीवर अभ्यासिका हवी होती. घरात खोली एक, टीव्ही अखंड, स्पर्धा परीक्षा तोंडावर. म्हणून तिने क्लासमधून प्रोजेक्टर मागून आणला. पडदा नव्हता, तर आईने, जाईबाईंनी, पांढरी चादर दिली. तिच्यावर मे महिन्यात हळद लावलेल्या कैरीच्या फोडी वाळल्या होत्या, एवढंच सांगायचं राहिलं.

"काका, डाग चादरीचा आहे!"

"चार वर्षं माझ्या छताचं हेच ऐकतोय. आधी म्हणे रंगाचा, मग धुळीचा. आता चादरीचा!"

स्लाइड दुसरी : अभ्यास करणारी मुलं

ओघळ बरोब्बर मुलांच्या डोक्यावर.

"बिचारी पोरं भिजतायत," रंभामावशी कळवळल्या.

स्लाइड तिसरी (म्हणजे परत पहिली)

पुरावा म्हणून दीप्तीने इमारत पुन्हा दाखवली आणि चादर हातभर खाली ओढली. डाग सरकून दुसऱ्या मजल्यावर आला.

पोपटकाका ताडकन उठले. "आयला, माझ्या बेडरूममध्ये पण?"

"काका, मी चादर ओढली!"

"मग ओढू नकोस ना! तळमजल्यापर्यंत नेतेस काय?"

स्लाइड चौथी : खर्च

कुणी पाहिली नाही. सगळे उभे होते.

"गच्चीवर पत्रा टाका!"

"आणि माझी वाळवणं कुठे घालू?" रंभामावशी कडाडल्या.

"अर्ध्यावर पत्रा, अर्ध्यावर तुमचे पापड!"

सगळे हात वर. या सोसायटीत एकमत पहिल्यांदाच झालं.

स्लाइड पाचवी : आभार

दीप्तीने चाचरत विचारलं, "मग... त्या पत्र्याखाली मी टेबलं टाकली तर?"

"टाक की!" जगनकाका म्हणाले. "एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी सभा बोलावतं का गं?"

स्लाइड नसलेली

घरी जाईबाईंनी चादर बादलीत कोंबली, साबणाचा डबा उघडला. दीप्ती धावली.

"आई, थांब! धुऊ नकोस."

"अगं, केवढा डाग आहे!"

"राहू दे. पुढच्या सभेत पंखे मागायचेत."