दिग्याचे तीस मिली

दिगंबर शेवाळे पेग भरायचा तो उकिडवा बसून. मोजपात्र स्टुलावर, डोळा रेघेच्या अगदी समोर, श्वास रोखलेला. "दारूचा खालचा बाक रेघेला टेकला पाहिजे. वरची कड वाचली की नापास!"

आमच्या कॉलेजात तो केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक होता, मी ऑफिसात क्लार्क. त्याला हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दारू बंद. दिग्याने तासभर हुज्जत घातली. शेवटी डॉक्टर वैतागले, "बरं, आठवड्यातून एकदा, तीस मिली. वर एक थेंब नाही." त्यांना वाटलं असेल, हा कुठला मोजतोय! पण हा माणूस मोजण्यातच म्हातारा झालेला. दर शनिवारी संध्याकाळी पुंडलिकनगरला माझ्या गच्चीवर कॉलेजातल्या आम्हा चार-पाच जणांची बैठक असायची, तिथं यायचा आणि पिशवीतून नॅपकिनात गुंडाळलेलं मोजपात्र काढायचा. थेंबभर जास्त पडलं तर ड्रॉपरने ते परत बाटलीत.

"मियाँ, पी रहे के तेजाब नाप रहे?" लायब्ररीतला इस्माईल विचारायचा. तो स्वतः प्यायचा नाही, चिवडा संपवायला यायचा.

"तेजाबच समज," दिग्या म्हणायचा. "माप चुकलं की खेळ खलास."

ते तीस मिली तो दीड तास पुरवायचा. गप्पा कितीही रंगोत, आठ वाजले की उठून चितेगावची गाडी पकडायचा. लग्न केलेलं नव्हतं. घरात थोरली बहीण असते, एवढंच आम्हाला ठाऊक. घरी त्याने कधी कुणाला बोलावलं नाही. आम्ही आपलं ठरवून टाकलेलं, गडी लई भित्रा, जिवाला जपतो.

माझ्या पोराला नोकरी लागली त्या शनिवारी मला चेव आला. मी मोजपात्र हिसकावून घेतलं आणि ग्लास अंदाजाने अर्धा भरला.

"नको रे. मला घरी जायचंय."

"घरी कोण बसलंय तुझं? बायको ना लेकरं! कुणासाठी एवढा जपतोस लेका?"

सगळे हसले. इस्माईल तेवढा हसला नाही. दिग्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास उचलला. दुसरा मीच भरला. तिसराही. माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. छातीचे ठोके बिघडलेत, दवाखान्यात आणलंय. मी धावत गेलो. दिग्याने माझ्या हातात घराची किल्ली कोंबली.

"काल गेलो तसा आडवा झालो रे. अक्काला जेवूच नाय घातलं. तू जा, वरणभात मऊ कालव. तिला आता काय बी आठवत नाय. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तर तिच्या लेखी मी अजून पाच वर्षांचाच हाय. आधी मला घास भरवती, मगच सवता खाती. तू तोंड पुढं करून बघ. जमलं तर जमलं."

अक्का खाटेवर बसून होती, मूठभर जीव. मी भात कालवला आणि पन्नाशीचा घोडा तिच्यापुढे आ वासून बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दिगू जेवला का?"

"जेवला, अक्का."

"खोटं. त्याला येऊ दे." तिने ताट सरकवलं. मी हातापाया पडलो. दुपार झाली तरी तेच. तिथं त्या खाटेशी बसून मला माझं कालचं हसू आठवलं, आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात परतलो तर दिग्या दाराकडेच डोळे लावून पडलेला. "जेवली का?"

माझ्याच्यानं खरं सांगवेना. "जेवली."

"तुला घास भरवून?"

"व्हय."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "सुटलो बाबा. मग आता माझं काय बी झालं तरी चालंल."

आणि त्याने डोळे मिटले. मी त्याचा खांदा धरून हलवला. "दिग्या, खोटं बोललो रे! शीतसुद्धा तोंडात घेतलं नाय तिनं. तू गेल्याबिगर ती जेवत नाय."

दिग्याने डोळे उघडले. मला एक शिवी हासडली, आणि कोपरावर उठत नर्सला म्हणाला, "सिस्टर, मला घरी कधी सोडता?"