दहा पानांची साक्ष

हेदवीहून कार्ड. ता. १/६/८४.

'कलमांना फळ धरायला पाच वर्षं. तोवर हापूस कशावरून म्हणायचं? सोमवारी येतो. भिकाजी.'

रावजींच्या डोक्यात तिडीक गेली. लेकीच्या, राहीच्या सासरी द्यायची दहा कलमं त्यांनी स्वतः बांधली होती, आणि व्याही पुरावा मागत होते! सोमवारी सकाळी त्यांनी प्रत्येक कलमाचं एकेक पान तोडलं, ओटीवर मांडलं आणि ते आंघोळीला गेले.

त्यांच्या बायकोने, गंगाने पानं पाहिली. व्याही यायचे आणि दार बोडकं! त्याच पानांचं तोरण झालं.

"पानांना हात लावू नको गो!" न्हाणीतून आवाज आला. "रत्नागिरीला तपासायला न्यायचीत!"

"नाय ओ!" म्हणत गंगाने परसातल्या रायवळ आंब्याची दहा पानं ओटीवर मांडली. पान म्हणजे पान.

भिकाजी आले, तिघं रत्नागिरीला गेले. प्रयोगशाळेत तपासणाऱ्या गुणवंतीबाईंनी पानं खलात वाटली. रसाचा ठिपका कागदावर, कागदाची कड औषधी पाण्यात. पाणी वर चढलं, रस पांगला, आणि जांभळ्या दिव्याखाली निळे-पिवळे डाग उमटले. शेजारी अस्सल हापूसची पट्टी. रावजी जागच्या जागी खिळले.

"पानाच्या पोटात एवढं असतं?"

"प्रत्येक जातीची नक्षी वेगळी." बाईंनी पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या. "काका, यात एकही हापूस नाही."

"दहाच्या दहा!" भिकाजी म्हणाले. "एखादा तरी चुकून निघायचा, व्याही."

रावजींनी कमरेचा कलमं बांधायचा चाकू टेबलावर ठेवला. तीस वर्षांचा.

"आजपासून कलम बंद."

"ओ, थांबा!" गंगा पुढे झाली. "बाईंचा कागद खरा हाय. पानंच खोटी. खरी दारात टांगलीत."

"तोरणात?"

"व्याह्यांच्या मानाला. त्याच्या खालनंच आत आले की ते."

भिकाजींना पटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या कलमांची पानं तोडून आणली. पुन्हा ठिपके, पुन्हा दिवा. दहा पट्ट्या अस्सल हापूसशेजारी सख्ख्या भावंडांसारख्या उभ्या राहिल्या.

"दहाही हापूस," बाई म्हणाल्या.

रावजींनी त्या ओल्या कागदाला हात जोडले. चाकू गंगानेच उचलून त्यांच्या हातात दिला, मग ती वळली.

"व्याही, तुम्ही दाभोळात हापूस म्हणून कलमं विकता नव्हं? त्यांची पण पानं आणा. बाई सांगतील."

भिकाजींनी टोपी घातली. "येतो. एसटी चुकायची."

एसटीला दीड तास होता.